‘निदान नर्सिंगला तरी नाही’

प्रश्न: मी बडोद्यात बीपीटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीनंतर नीट दिली, पण एमबीबीएसला लागतील एवढे मार्क पडले नाहीत. बाबा म्हणाले, वर्ष वाया घालवू नकोस, म्हणून फिजिओथेरपी घेतली. अभ्यास जड जात नाही, मार्कही बरे आहेत. पण आतेभाऊ एमबीबीएसला आहे. घरी कोणी आलं की तो ‘डॉक्टरसाहेब’ आणि मी ‘मालिशचा कोर्स करतेय ना?’ यंदा गणपतीत आरती झाल्यावर आत्याच सगळ्यांसमोर असं म्हणाली. पोस्टिंगला रेसिडेंट डॉक्टर ‘ए फिजिओ’ अशी हाक मारतात. मी मनाची समजूत घालते की निदान नर्सिंगला तरी नाही. हेच एकदा रागाच्या भरात शाळेपासूनच्या मैत्रिणीसमोर बोलून गेले. ती बीएस्सी नर्सिंगला आहे. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. मी हा कोर्स सोडून पुन्हा नीट द्यावी का? की आयुष्यभर असं दुय्यमच राहायचं?

— एक विद्यार्थिनी, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर:

आत्याचं बोलणं तुला लागलं, ते लागणारच. सणाच्या दिवशी, चारचौघांत, आणि तेही घरच्या माणसाकडून. त्याबद्दल पुढे लिहितेच. पण आधी तुझ्याच पत्रातलं एक वाक्य घेऊ. आत्या फिजिओथेरपीला मालिश म्हणाली, कारण तुझं काम तिला ठाऊक नाही. नर्सिंगला खालचं तू म्हणालीस. तू तर हॉस्पिटलच्या आवारात वावरतेस. तुझी मैत्रीण सकाळच्या पाळीत नेमकं काय करते, हे एका कागदावर लिहून बघ. इंजेक्शन, सलाईन, बीपी, बेडपॅन यापुढे पेन चाललं नाही, तर नर्सिंगबद्दलची तुझी माहिती आणि फिजिओबद्दलची आत्याची माहिती एकाच मापाची आहे.

यात तू एकटी नाहीस. आरोग्यशाखांचे विद्यार्थी एकमेकांबद्दल काय समजतात, याच्या प्रश्नावल्या जगभर कित्येक वर्षं भरून घेतल्या जात आहेत. त्यांत पुन्हा पुन्हा तेच चित्र दिसतं. डॉक्टर म्हणजे हुशार, ठाम, पण जरा दूरचे. नर्स म्हणजे मायाळू, सांगितलेलं ऐकणाऱ्या. आणि प्रत्येक शाखा स्वतःला जेवढा मान देते, तेवढा बाकीचे तिला देत नाहीत. माझ्या मते यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की ही मतं बऱ्याच अंशी पहिल्या वर्षाला प्रवेश घेतानाच पक्की असतात. त्या वेळी वॉर्डचं तोंडही पाहिलेलं नसतं. म्हणजे ती कामाच्या अनुभवातून आलेली नसतात. ती घरातून, क्लासमधून, कटऑफच्या यादीतून येतात.

आपल्याकडे त्यात आणखी एक भर आहे, आणि ती स्पष्ट बोलायला हवी. दुसऱ्याच्या शरीराला हात लावणं, मलमूत्र साफ करणं हे काम आपल्या समाजाने पिढ्यानपिढ्या हलक्या मानलेल्या जातींवर आणि बायकांवर टाकलं. नर्सिंगला ‘खालचं’ म्हणताना ती जुनी शिवाशिवच बोलत असते, वैद्यकशास्त्र नाही. तुझ्या शाखेला ‘मालिश’ म्हणण्यामागेही तेच आहे. जी नजर मैत्रिणीला खाली बघते, तीच तुलाही बघते. तिची आपल्याला सोयीची तेवढी बाजू ठेवून घेता येत नाही.

उतरंड फक्त मनात असते, असं मात्र मी म्हणणार नाही. निदान करणं, औषध लिहून देणं, मृत्यूच्या दाखल्यावर सही करणं हे अधिकार आणि त्यांची जबाबदारी कायद्याने डॉक्टरवर असते. पगारात फरक आहे, तासांत आहे. पण अधिकार वेगळा असणं आणि माणूस वरचा-खालचा असणं या दोन गोष्टींची तू पत्रात गल्लत केली आहेस. एका पेशंटच्या खाटेशी उभं राहिलं की ती सुटते.

समज, 68 वर्षांचे एक गृहस्थ. डाव्या अंगाला पक्षाघात, आजचा चौथा दिवस. साडेनऊला तू त्यांना पहिल्यांदा उभं करायला जातेस. झोपलेले असताना बीपी 138/82. उभं करून एक मिनिटाने घेतलं तर 112/70, आणि ते म्हणतात, डोळ्यांपुढे अंधारी येतेय. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला की उभं राहताना बीपी पडतंय असं धरतात. इथे दोन्ही उतरले आहेत. तू त्यांना लगेच बसवतेस, मग आडवं करून पाय वर घेतेस. हे तुझं काम आणि ते तू बरोबर केलंस. पण बीपी का पडलं? रात्रपाळीच्या सिस्टरच्या नोंदवहीत आहे, की पहाटे लघवीला उठवताना त्यांना गरगरलं होतं. औषधांच्या तक्त्यात आहे, की परवापासून प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन सुरू झालंय. त्या गोळीने उठताना बीपी उतरू शकतं, हे फार्मासिस्टच्या लगेच लक्षात येतं. गोळी बदलायची, वेळ बदलायची की थांबवायची, हे डॉक्टर ठरवतात. चौघांपैकी एकाने जरी आपल्याजवळची माहिती पुढे दिली नाही, तर ते गृहस्थ पडतात, खुब्याचं हाड मोडतं, आणि पक्षाघातातून वाचलेला माणूस अंथरुणाला खिळतो. आता यात दुय्यम कोण, ते सांग.

याच पेशंटचा डावा खांदा घे. पक्षाघातात खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडतात आणि हात नुसता लोंबकळतो. उचलताना कोणी काखेत हात घालून ओढलं की सांध्याला इजा होते. मग महिनोन्‌महिने दुखणं, आणि दुखतंय म्हणून व्यायाम बंद. तू दिवसातून फार तर 40 मिनिटं त्यांच्यापाशी असतेस. उरलेले 23 तास 20 मिनिटं त्यांना कूस बदलून देणं, बेडपॅनवर घेणं, खुर्चीत बसवणं नर्स, आया आणि नातेवाईक करतात. तू कितीही उत्तम व्यायाम दे, खांद्याखाली उशी कशी ठेवायची आणि हात कुठे धरायचा हे सकाळच्या सिस्टरला आणि त्यांच्या बायकोला दाखवलं नाहीस, तर संध्याकाळपर्यंत तुझी मेहनत पाण्यात जाते. आणि सिस्टर? ती दर दोन तासांनी कूस बदलते. शय्याव्रणाचा, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमांचा, धोका मोजायला तिच्याकडे ब्रेडन स्केल आहे. त्यात 6 ते 23 गुण असतात, 18 किंवा त्याखाली धोका समजतात. तोंडाने काही देण्याआधी ती घोटभर पाणी पाजून बघते. ठसका लागला किंवा आवाज घोगरा-ओला झाला तर थांबते, कारण अन्न श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया. हे तुझ्या कागदावर होतं का?

म्हणून पहिली गोष्ट ही कर. तुझ्या विभागप्रमुखांची आणि वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरची रीतसर परवानगी घेऊन एक सकाळ नर्सिंगच्या पाळीबरोबर राहा. पाळी बदलते तेव्हा रात्रीच्या सिस्टर दिवसाच्या सिस्टरना एकेक पेशंट सांगतात, तिथपासून दोन-अडीच तास पुरे. हात खिशात, वही बाहेर. पेशंटचं नाव, नंबर लिहायचं नाही, फोटो नाही. फक्त एवढंच टिपायचं, की सिस्टरने स्वतःहून काय ओळखलं आणि कशासाठी डॉक्टरांना बोलावलं. मग अशीच एक वेळ औषधांच्या खिडकीपाशी फार्मासिस्टबरोबर, एक प्रयोगशाळेत. आणि प्रत्येक ठिकाणी निघताना एक प्रश्न विचार: ‘फिजिओवाल्यांनी काय केलं की तुमचं काम सोपं होतं, आणि काय केलं की बिघडतं?’ ‘तुम्ही पेशंटला खुर्चीत बसवून निघून जाता, परत खाटेवर घ्यायला आम्ही दोघीच असतो,’ असं उत्तर आलं तर वाद घालू नकोस. किती वेळ बसवायचं आणि परत कसं घ्यायचं, हे जाताना सांगायची सवय लाव.

दुसरी गोष्ट जरा मोठी आहे, पण तुझ्याच वयाच्या मुलामुलींनी केली तर जमते. वेगवेगळ्या शाखांचे सहा-आठ जण जमा आणि दीड तास एका केसवर बोला. बडोद्यात हे सोपं आहे. कितीतरी शाखांची मुलं एकाच शहरात, काही ठिकाणी तर एकाच आवारात शिकतात, सयाजी हॉस्पिटलच्या आसपास चहा पितात आणि तरी एकमेकांना ओळखत नाहीत. नुसतं एका हॉलमध्ये बसून भाषण ऐकल्याने पूर्वग्रह जात नाहीत, कधी कधी उलट घट्ट होतात. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्येच मांडलं होतं, की दोन गटांच्या भेटीतून दुरावा कमी व्हायला चार गोष्टी लागतात: भेटीपुरता तरी दोघांचा दर्जा समान, उद्दिष्ट एक, ते गाठायला एकमेकांची गरज, आणि वरिष्ठांचा पाठिंबा.

प्रत्यक्षात अशा बैठका फसतात त्या केस चुकीची निवडल्याने. ‘ताप, अंगावर पुरळ, निदान काय?’ अशी केस घेतली की एमबीबीएसचा मुलगा बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. म्हणून निदान आधीच सांगून टाका. केस घ्या डिस्चार्जची: पक्षाघाताचे तेच गृहस्थ, घर मांडवीजवळच्या पोळात, म्हणजे जुन्या वस्तीतल्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद आणि लाकडी, संडास खाली. जोडीला मधुमेह, रोजच्या सात गोळ्या, घरात फक्त 63 वर्षांची बायको आणि तिचे गुडघे दुखतात. उद्या घरी जायचंय. पहिली दहा मिनिटं कोणीही बोलायचं नाही, प्रत्येकाने आपल्या शाखेतून तीन धोके आणि तीन उपाय लिहायचे. मग वाचून दाखवायचे, आणि सुरुवात एमबीबीएसपासून करायची नाही. प्रत्येक शाखेचे किमान दोघे हवेत. एकटा आला की तो गप्प बसतो किंवा सगळ्या शाखेची वकिली करत बसतो. शिक्षक हवेत, पण वेगवेगळ्या शाखांचे दोन, आणि त्यांनी शेवटची पंधरा मिनिटंच बोलायचं. शेवटी एकच कागद तयार व्हायला हवा, त्या काकूंच्या हातात देता येईल असा, गुजरातीत, मोठ्या अक्षरांत. तो लिहिताना कळतं, की औषधांच्या वेळा, जेवण, व्यायाम आणि इन्सुलिन एकमेकांत किती गुंतलेले आहेत. इन्सुलिन घेऊन न जेवता कोणी व्यायामाला उभं केलं तर साखर उतरते, हे तिथे कोणीतरी बोलेलच.

आता ‘ए फिजिओ’. यावर चिडून उपयोग नाही आणि गप्प बसूनही नाही. आधी स्वतःचं नाव सांग, आणि नावाबरोबर कामाचं बोल. ‘सर, मी अमुक, फिजिओथेरपी दुसरं वर्ष. बेड बाराच्या काकांबद्दल. चौथा दिवस, डावा पक्षाघात. उभं केल्यावर बीपी 138 वरून 112 वर आलं, अंधारी आली. मला वाटतं नवीन सुरू झालेल्या गोळीमुळे असेल. तोवर मी त्यांना फक्त बसवू का?’ परिस्थिती, पार्श्वभूमी, माझा अंदाज, मला काय हवंय, या क्रमाने अर्ध्या मिनिटात. याला एसबार (या चार टप्प्यांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं) म्हणतात, आणि फोनवर सांगतानाही हाच क्रम धरायचा. विद्यार्थिनी आहेस म्हणून हे आधी तुझ्या मॅडमना सांग आणि त्यांच्यासमोर डॉक्टरांशी बोल. कामाची माहिती अशी नीट मांडून मिळाली की बहुतेक रेसिडेंट पुढच्या वेळी नावाने विचारतात. काही नाहीत विचारत. नाव माहीत असणं ही नुसती सभ्यता नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेसाठी तपासणी-यादी काढली. तिच्यात चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, असा एक टप्पा मुद्दाम ठेवला आहे. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले. यादीत बाकीही बरंच आहे, पण जो माणूस एकदा आपलं नाव बोलला आहे, तो काही चुकतंय असं दिसलं की गप्प राहण्याची शक्यता कमी असते.

आत्याला उत्तर काय द्यायचं? ‘आम्हीही डॉक्टरच असतो’ हे नको. फिजिओथेरपिस्टनी नावाआधी ‘डॉ.’ लावायचं की नाही यावर 2025 च्या सप्टेंबरात केंद्राच्या आरोग्य महासंचालनालयाने मनाई करणारं पत्र काढलं आणि लगेच थांबवलंही. तो वाद चालू राहील. तुझा मान त्या दोन अक्षरांवर टांगून ठेवलास तर प्रत्येक बातमीसरशी तो वरखाली होईल. त्यापेक्षा काम सांग: ‘आत्या, पॅरॅलिसिस झालेल्या माणसाला पुन्हा उठून बसायला, जिना चढायला शिकवतात ना, ते मी शिकतेय. स्नायूंची ताकद शून्य ते पाच अशी मोजायची, सांधा किती अंश वाकतो ते मोजायचं, मग व्यायाम ठरवायचा.’ आणि तिचे गुडघे दुखत असतील तर शेजारी बसून खुर्चीतून उठण्याची योग्य पद्धत दाखव. भारतात फिजिओथेरपीचं रीतसर शिक्षण 1950 च्या दशकात मुंबईत पोलिओच्या साथीमुळे सुरू झालं, आणि 2021 पासून या आणि अशा इतर व्यवसायांसाठी केंद्राचा स्वतंत्र आयोग कायदा आहे, हेही घरात सांगून ठेव. हे बाबांना माहीत असलं तर पुढच्या वेळी तेच बोलतील.

नीटचं काय? मी तुला ‘देऊ नकोस’ म्हणणार नाही. पण का द्यायची, हे वेगळं काढ. एका कागदावर ज्युनिअर डॉक्टरची रोजची दहा कामं लिही: रात्रीची इमर्जन्सी, रक्त काढणं, औषध लिहिणं, नातेवाइकांना वाईट बातमी सांगणं, मेडिकोलीगल (पोलीस-कोर्टाचे) कागद, राउंड, असं. आतेभावालाच विचार, तो खरं सांगेल. त्यातली निम्म्याहून जास्त कामं तुला मनापासून करावीशी वाटत असतील, तर तुला डॉक्टरचं काम हवंय. हवीशी वाटणारी गोष्ट कागदावर येतच नसेल, ती फक्त गणपतीतल्या हाकेत असेल, तर परीक्षा तो प्रश्न सोडवणार नाही. एमबीबीएसनंतर ‘नुसतं एमबीबीएस?’ असं विचारणारी आत्या असतेच.

काम हवं असेल तर हिशेब कर. देशभरातून 22 लाखांहून जास्त जण अर्ज करतात आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत, त्यातल्या परवडतील अशा सरकारी त्याहून कमी. नीटला वयाची वरची मर्यादा आता नाही, किती वेळा द्यायची यालाही मर्यादा नाही, त्यामुळे दार बंद होत नाही. पण पुढच्या वर्षी जागा मिळाली तरी तिथून साडेपाच वर्षं. येत्या रविवारी कसलीही तयारी न करता तीन तास लावून जुना पेपर सोडव: 180 प्रश्न, 720 गुण, चुकीला एक वजा. जीवशास्त्राचे 360 तुला बऱ्यापैकी येतील, शरीररचना शिकून झाली आहे. भौतिकशास्त्र बघ. दोन वर्षं न हाताळल्याने गुण तिथेच गळतात, आणि ते मे महिन्यापर्यंत भरून निघेल का, हा खरा प्रश्न आहे. पेपर गेली काही वर्षं मेच्या पहिल्या रविवारी असतो.

कोर्स चालू ठेवून तयारी करणं ऐकायला सुरक्षित वाटतं, पण पोस्टिंगच्या वर्षात बहुतेक वेळा दोन्हीकडचं अर्धवट राहतं. आणि सोडायचाच असेल तर प्रवेशाच्या वेळी सही केलेलं हमीपत्र आधी काढून वाच. मूळ दाखले कधी परत मिळतात, मधेच जागा सोडल्यास किती भरावं लागतं, हे त्यात असतं. निर्णयाला तारीख ठेव, दिवाळीची सुट्टी संपण्याच्या आत. आणि वर सांगितलेली नर्सिंगबरोबरची सकाळ त्याआधी होऊ दे. शेवटी तुझा निर्णय कोणताही झाला तरी ती उपयोगी पडणार आहे, कारण एमबीबीएसला गेलीस तर ‘ए फिजिओ’ म्हणायची पाळी तुझी असेल.

मैत्रिणीकडे मेसेजवर माफी मागू नकोस, भेट. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ असंही नको. ‘मी तुझ्या कामाला कमी लेखलं, ते चुकीचं होतं आणि मला ते काम माहीतही नव्हतं’ एवढं सरळ म्हण आणि थांब. ती लगेच मऊ झाली नाही तर रेटू नकोस. वॉर्डातली सकाळ झाल्यावर तुला विचारायला खरेखुरे प्रश्न असतील, ते घेऊन पुन्हा जा.

हे सदर एमबीबीएसची मुलंही वाचतात, म्हणून त्यांच्यासाठी एक. पेशंटच्या कागदावर नुसतं ‘फिजिओ’ लिहून सोडू नका. निदान, शस्त्रक्रिया कोणती आणि कधी झाली, पायावर वजन द्यायचं का आणि किती, काय टाळायचं, आणि तुम्हाला फिजिओकडून काय हवंय, अशा चार-पाच ओळी लिहा. मांडीच्या हाडात रॉड घातलेल्या पेशंटच्या कागदावर वजनाबद्दल काहीच नसेल, तर फिजिओथेरपिस्टकडे दोनच वाटा राहतात: भीतीने त्याला खाटेवरच ठेवायचं, म्हणजे पिंडरीत रक्ताची गुठळी व्हायची भीती, किंवा अंदाजाने उभं करायचं. तुम्ही ऑपरेशन थिएटरात असाल आणि फोन लागत नसेल, तर त्या पेशंटचा अख्खा दिवस जातो.